तारणाला गहाण लागत नाही



आज माइकसमोर आम्ही चौघीजणी बसलोय. कळंब, मंचर, नारायणगाव या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावांत जी थोडी ख्रिस्ती घरं आहेत, त्यांतल्या आम्ही बायका. एक अंगणवाडीत आहे, एक शिवणकाम करते, दोघी शेतावर हजेरीनं जातात. आम्ही पाळक नाही, प्रवचनकारही नाही. तुमच्याच बचत गटात बसतो, तुमच्याच विहिरीचं पाणी भरतो आणि तुमच्या हळदी-कुंकवाचा तिळगूळ खातो. म्हणून तर तुम्ही आम्हाला मोकळेपणानं विचारता.

लग्नसराई आली की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा: "तुमच्यात म्हणे नुसत्या विश्वासानं तारण होतं. मग माणसानं चांगलं वागायचं तरी कशाला?" दुसरा प्रश्न जरा आवाज खाली करून विचारला जातो: "तुमच्यात लग्न मोडत नाही म्हणे. मग नवरा मारत असला, तर बाईनं काय करायचं?"

पहिला प्रश्न देवळातला वाटतो आणि दुसरा घरातला. आमच्या मते दोन्हींचं उत्तर एकाच गाठीत बांधलेलं आहे. ती गाठ आज सोडवून दाखवायची आहे.

सुरुवात 'तारण' या शब्दापासूनच करू. पतसंस्थेत गेलं की हा शब्द भिंतीवर लिहिलेला असतो. सोनेतारण कर्ज. पेरणीला पैसे नाहीत, मुलीची फी भरायची आहे, की बाई गळ्यातलं काढते आणि तारण ठेवते. म्हणजे आधी आपलं काहीतरी त्यांच्या ताब्यात द्यायचं, मग ते आपल्याला देणार. जिच्याकडे ठेवायला काही नाही, तिला काही मिळत नाही.

आमच्या उपासनेत हाच शब्द येतो तो वाचवणं, तारून नेणं या अर्थानं. पूर आलेल्या घोड नदीतून कुणी हात धरून काठाला ओढावं, तसं. तिथं शिकवण पतसंस्थेच्या अगदी उलट आहे. संत पौलानं इफिसच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की तारण ही देवाची देणगी आहे, ती कृपेनं मिळते, विश्वासानं घ्यायची असते. कुणाच्या कर्मानं ती मिळत नाही, म्हणून कुणाला तिचा तोराही मिरवता येत नाही. गहाण ठेवायला काहीच नाही अशी बाई या दाराशी आली, तर तिला परत पाठवत नाहीत.

हे ऐकायला सोपं आणि पचायला अवघड आहे. का अवघड, ते येशूनं द्राक्षमळ्याच्या गोष्टीत सांगितलं. जुन्नर भागातल्या बायांना ती गोष्ट समजावून सांगायला नको, कारण द्राक्षबागेत विरळणीला आणि काढणीला आपणच जातो.

एक मळेवाला पहाटे मजुरांच्या नाक्यावर गेला. दिवसाची हजेरी ठरवून त्यानं काही जणांना कामाला लावलं. मग नवाच्या सुमारास गेला, दुपारी बाराला गेला, तीनला गेला, प्रत्येक वेळी आणखी माणसं आणली. दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा गेला, तर काही जण अजून तसेच उभे. कुणी बोलावलंच नाही, असं ते म्हणाले. त्यांनाही त्यानं मळ्यात धाडलं. संध्याकाळी पैसे वाटायला बसला, आणि जे शेवटी आले होते त्यांना पहिलं बोलावून पुऱ्या दिवसाची हजेरी हातात ठेवली. पहाटेपासून राबलेल्यांना वाटलं, आपल्याला आता जास्त मिळणार. त्यांनाही तेवढीच मिळाली. ते कुरकुरले. मळेवाला म्हणाला, ठरलं होतं त्यात मी एक पैसा कमी दिला का? मी दुसऱ्याशी मोठ्या मनानं वागलो, हे तुम्हाला का खुपतं?

मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात ही गोष्ट आहे. हजेरीला जाणाऱ्या आमच्यातल्या दोघी दर वेळी ती ऐकून म्हणतात, हे काही बरोबर नाही. त्यांचं खरं आहे. मजुरीच्या हिशेबात हे बरोबर नाहीच, आणि कुणी बागायतदारानं या गोष्टीचा आधार घेऊन बायांची हजेरी कापू नये. येशूला मजुरीचे दर सांगायचे नव्हते. दिवसभर उन्हात उभं राहून ज्याला कुणी बोलावलं नाही, त्याच्या घरीसुद्धा रात्री भाकर लागते, आणि देव त्या भाकरीकडे बघून देतो, हे त्याला सांगायचं होतं.

आपल्याकडे कामाची सावड असते. आज तू माझ्या खुरपणीला ये, उद्या मी तुझ्या काढणीला येते. सावड चांगलीच, तिच्यावर गावं उभी राहिली. पण सावड फेडावी लागते. जी फेडत नाही तिच्याकडे पुढच्या हंगामात कुणी जात नाही. देवाशी आपलं नातं सावडीचं असतं तर आजारी, म्हातारी, चुकलेली, थकलेली बाई कधीच मागे पडली असती. कृपा म्हणजे जी फेडायची नसते ती मदत.

आता तुम्ही म्हणाल की कृपा हा शब्द तुमचा एकट्यांचा कुठं आहे? खरंच नाही. ज्या भागात आळ्याला रेड्याची समाधी आहे, तिथं कृपा म्हणजे काय हे आम्ही कोणाला वेगळं सांगावं? ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा आळ्याला विसावला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रेड्यानं कुठल्या पाठशाळेत घोकंपट्टी केली होती? ज्या शेजाऱ्यांच्या कानांवर हरिपाठ आहे, त्यांना न कमावता मिळणारं दान ही कल्पना परकी नाही. दोन्ही वाटा एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. आमची श्रद्धा येशूच्या वधस्तंभावर आहे, तुमची तुमच्या जागी आहे. फक्त हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे, तेव्हा आमचं म्हणणं तुम्हाला लवकर कळेल.

मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय? फुकट मिळतं तर चांगलं वागायचं कशाला? हा प्रश्न पौलालाही लोकांनी विचारला होता. रोमच्या मंडळीला लिहिताना त्यानं तो स्वतःच मांडून खोडून काढला. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, तर मुळीच नाही. इफिसच्या पत्रातही देणगीची गोष्ट सांगून झाल्यावर लगेच पुढं तो म्हणतो की देवानं आपल्याला सत्कर्मांसाठीच घडवलं आहे. आंब्याला आंबे लागतात ते झाड जिवंत आहे म्हणून. आंबे दाखवून कुणी मातीकडून जीव विकत घेत नाही. चांगलं वागणं हे तारणाचं फळ आहे, तारणाची किंमत नाही.

याच मुद्द्यावर युरोपात मोठं भांडण झालं होतं. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाच्या संन्याशानं पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत माफीपत्रं देण्याला विरोध केला, आणि त्यातून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन मोठे गट झाले. कुटुंबं फुटली, लढाया झाल्या. पण ३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीतल्याच ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन मंडळ्यांच्या महासंघानं एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या गुणामुळे नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, हे मूळ आता दोघांनाही मान्य आहे. जवळजवळ पाचशे वर्षांचा वाद एका टेबलापाशी येऊन बसला. आमच्या चौघींत एक कॅथलिक आहे आणि तिघी प्रोटेस्टंट, त्यामुळे हे सांगताना आम्हाला जरा जास्तच आनंद होतो.

आता घरात येऊ.

बाईच्या तारणाची वाट नवऱ्यावरून जाते, असं आपल्याला किती प्रकारे शिकवलेलं असतं! नवऱ्याची सेवा हाच तिचा धर्म, सवाष्ण गेली तर सोनं झालं, मुलगा झाला तर कूस उजवली. मग जिचं लग्न झालं नाही तिचं काय? जिचा नवरा गेला, जिला टाकली, जिला मूल नाही, तिचं काय?

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात राहिलेल्या एका बाईनं फार धारदारपणे विचारला. पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. आईवडिलांनी त्यांना संस्कृत शिकवलं, लहान वयात शेकडो कोस पायी तीर्थयात्रा घडली. दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्यात पंडितांनी त्यांची विद्वत्ता मानली. १८८०मध्ये त्यांनी बंगालमधले वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जात ओलांडून नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तो संसार जेमतेम दोन वर्षांचा झाला. १८८२मध्ये नवरा गेला आणि कडेवर मनोरमा नावाची लहान मुलगी राहिली.

रमाबाईंनी १९०७ साली आपल्या श्रद्धेची हकीकत लिहिली आहे. त्यात त्या सांगतात की धर्मग्रंथ वाचताना त्यांना एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली, ती म्हणजे बाईला स्वतःच्या हिमतीवर मोक्ष नाही, तो नवऱ्याच्या सेवेतूनच आहे. मग विधवेनं कुठं जावं? १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण हकीकतीतला आम्हाला सगळ्यात भावणारा भाग त्याच्या पुढचा आहे. त्या म्हणतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा धर्म हाती आला होता, तारणारा अजून भेटला नव्हता. नियम पाळणं, स्वतःला सुधारणं चालू होतं, मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना उमगलं की हे दान आहे, ते जसं आहे तसं घ्यायचं आहे, आणि ते घ्यायला ना नवरा लागतो, ना जात लागते, ना पांडित्य.

त्यानंतर त्यांनी काय केलं ते पुणे जिल्ह्याला माहीत आहे. ११ मार्च १८८९ला मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्याला आणलं, आणि मग दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. तिथं शिक्षण होतं, छापखाना होता, विणकाम होतं, शेती होती. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. केडगावची संस्था आजही आहे. टाकलेल्या बाईला आधी अन्न आणि आसरा द्यायचा, तिनं काय कमावलं हे विचारायचं नाही, ही तिथली रीत. कृपेवर विश्वास ठेवला की हात कसे चालतात, ते तिथं दिसतं.

तर आमच्या शिकवणीतला पहिला धडा हा: तारण देवाकडून मिळतं, नवऱ्याकडून नाही. लग्न चांगलं आहे, पवित्र आहे. कॅथलिक लोक त्याला सात संस्कारांपैकी एक मानतात. प्रोटेस्टंट त्याला देवासमोर केलेला करार म्हणतात. पण लग्न न केलेली बाई देवाजवळ अर्धी नसते. पौल तर एकटं राहण्याचीही शिफारस करतो, तेही त्या काळात.

दुसरा धडा लग्नाच्या आतला आहे. उपासनेत लग्न लागतं तेव्हा इफिसच्या पत्रातला पाचवा अध्याय बहुतेक वेळा वाचतात. त्यात बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं असं आहे. तेवढंच अनेक नवऱ्यांना पाठ असतं. पण आम्ही घरी पुस्तक उघडून वचनं मोजली. त्याच्या आधीच्या वचनात नवरा-बायको दोघांनाच काय, सगळ्यांना सांगितलंय की एकमेकांच्या अधीन असा. बायकोला जे सांगितलं ते तीन वचनांत संपतं. नवऱ्याला जे सांगितलं ते त्याच्या दुपटीहून लांब आहे, आणि वजनानं तर फारच भारी आहे. ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तशी बायकोवर प्रीती कर, स्वतःच्या देहासारखं तिला जप. जीव द्यायला सांगितलंय, जीव घ्यायला नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रात आणखी एक शब्द आहे. नवऱ्यांनो, बायकोला मान द्या, कारण ती तुमच्याबरोबर कृपेची वारसदार आहे. वारसदार हा जमिनीच्या कागदातला शब्द. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागलं म्हणजे काय होतं, ते या भागातल्या बायांना ठाऊक आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्यासाठी 'लक्ष्मी मुक्ती' ही मोहीमच चालवली होती. पेत्र म्हणतो, देवाच्या उताऱ्यावर दोघांची नावं सारख्याच हक्कानं आहेत. आणि पुढं बजावतो की हे पाळलं नाही, तर तुमच्या प्रार्थना अडतील. म्हणजे बायकोशी वाईट वागणाऱ्याची प्रार्थना छपराच्या वर जात नाही.

असा संसार कुणी करून दाखवला का? पूर्ण निर्दोष कुणीच केला नाही. पण मराठीत एका जोडप्याची गोष्ट सगळ्यांना वाचायला मिळते. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. १८८०मध्ये लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि सोवळ्या घरातल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. त्या वेळी १८६६चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार त्याच्याजवळ राहायला नाही म्हणाला, तर कोर्टाकडून लग्न रद्द करून घेता येत होतं. टिळक त्या वाटेला गेले नाहीत, दुसरं लग्न केलं नाही. पुढे लक्ष्मीबाई नगर भागात त्यांच्याकडे आल्या, त्या स्वतःचा धर्म आणि स्वतःचं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. जातीची भिंत त्यांच्या मनातून पडली ती हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचारानं. मग १९००मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला.

पौलानं करिंथच्या मंडळीला हेच सांगितलं होतं. जोडीदाराची श्रद्धा वेगळी असली आणि तो नांदायला तयार असला, तर त्याला सोडू नये. आज दोन धर्मांतली लग्नं होतात, तेव्हा कुणाच्या गळ्यात काय बांधायचं यावर घरं पेटतात. तिथं टिळकांच्या घरातला तो वेगळा माठ आठवावा. ज्या घरात दोन माठ शेजारी राहू शकले, तिथंच पुढे एक होऊ शकला.

आणि लक्ष्मीबाई काही मुकी सोशीक बाई नव्हती. टिळक १९१९मध्ये गेले. त्यांच्यानंतर लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. टिळकांचा तापटपणा, घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन टाकायची सवय, सगळं त्यात आहे. हसत हसत लिहिलंय, पण झाकलं काही नाही. शाळेत न गेलेल्या या बाईनं टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही पुरं केलं. माफ करणं वेगळं आणि झाकणं वेगळं, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

इथं आपण त्या दुसऱ्या, खालच्या आवाजातल्या प्रश्नाशी आलो.

मार खाणाऱ्या बाईला आमच्या समाजातही सांगितलं जातं, "ख्रिस्तानं सोसलं, तूही सोस. सातदा सत्तर वेळा माफ कर." हे वचन खरं आहे, ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडंच आधी, येशूनं अन्यायाची तक्रार कशी करायची तेही सांगितलंय. आधी त्याला एकट्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. तिथंही ऐकलं नाही तर त्याला परका समज. याला चार भिंतींत ठेवणं म्हणत नाहीत. जो पाळक पुढचं वचन सांगतो आणि मागचं गाळतो, त्याला ते पान उलटून दाखवायचा हक्क कुठल्याही बाईला आहे.

त्याच अध्यायाच्या शेवटी एक गोष्ट आहे. एका चाकराचं राजाकडे एवढं कर्ज होतं की सात पिढ्यांनी फेडून फिटलं नसतं. राजानं ते सगळं सोडून दिलं. तो बाहेर आला, आणि किरकोळ पैशांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरला. राजानं मग त्याला सोडलं नाही. हातावर लोळण घेणारी कृपा रविवारी घ्यायची, आणि सोमवारी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बायकोचा गळा धरायचा, हा तोच चाकर आहे. माफीच्या गोष्टीतला दोषी तो आहे, ती नाही.

कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. तरीही पोप फ्रान्सिस यांनी २०१६मध्ये कुटुंबाविषयी जे पत्र काढलं, त्यात म्हटलंय की छळ, मारहाण, मोठा अन्याय असेल तिथं वेगळं राहणं अटळ असतं, आणि कधी कधी तेच नीतीला धरून असतं.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. ख्रिस्ती लग्न १८७२च्या कायद्यानं लागतं, आणि घटस्फोटाचा कायदा १८६९चा. त्या जुन्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ किंवा टाकून देणं, असं दुहेरी सिद्ध करावं लागे. नुसता मार हे कारण चालत नसे. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही अट घटनेविरुद्ध ठरवली. २००१मध्ये संसदेनं कायदाच बदलला. १३२ वर्षं लागली! आता छळ हे एकटं कारण पुरतं, आणि परस्परसंमतीची वाटही आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तर कुठल्याही धर्माच्या बाईला लागू आहे. त्यात घटस्फोट न घेताही संरक्षण मागता येतं, आणि राहत्या घरातून तिला हुसकता येत नाही. महिलांसाठी मदतीचा नंबर १८१ आहे. जीव धोक्यात असेल तर ११२. हे दोन आकडे मुलीच्या वहीत लिहून ठेवा.

आम्ही घर मोडायला सांगतोय, असं कुणी समजू नये. चौघींपैकी कुणाचाही संसार भांडणाशिवाय झालेला नाही. चहा आधी कुणी करायचा, सासूबाईंचं औषध कुणी आणायचं, यावर रोज होतं. तिथं हिशेब सोडून द्यावाच लागतो. गेल्या दिवाळीचं उकरून काढू नये, माहेरचं काढू नये, झोपायच्या आधी बोलावं. एवढी माया रोज खर्चावी लागते. पण रुसवा सोडून देणं आणि मार सहन करणं यांत घोड नदीच्या दोन काठांइतकं अंतर आहे. सुधारायला तयार असलेल्या माणसाला वेळ द्यावा, मदत द्यावी. तो वेळ सुरक्षित जागी राहूनही देता येतो.

शेवटची गोष्ट लग्नसराईची. ख्रिस्ती लग्नाआधी बऱ्याच ठिकाणी लागोपाठ तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगा, असं विचारतात. ही रीत आम्हाला आवडते. आमचं म्हणणं एवढंच की त्या तीन आठवड्यांत घरातही तीन गोष्टी मोठ्यानं विचाराव्यात. मुलीला विचारा, हे लग्न तुझ्या मनानं आहे का? दोन्ही घरांना विचारा, देण्याघेण्याचं काही ठरलंय का? हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१पासून गुन्हा आहे, आणि आमच्या समाजातही तो 'भेट' या नावानं चालतो. कृपेचं गाणं म्हणत मंडपात जायचं आणि मुलीच्या बापाकडून मोटरसायकल घ्यायची, हे जमत नाही. आणि तिसरं, मुलाला विचारा, ती तुझ्याबरोबरची वारसदार आहे हे तुला कळलंय का? तो हो म्हणाला तर विचारा, मग घराच्या उताऱ्यावर तिचं नाव कधी लावतोस?

मुलीला सासरी धाडताना आपण सांगतो, दिल्या घरी सुखी राहा. सुखी राहावंच तिनं. पण तिला हेही सांगून धाडा की तुझी किंमत त्या घरानं ठरवायची नाही. ती आधीच ठरलेली आहे, तुझ्या काही करण्याच्या आधीच, आणि ती कमी होत नाही. असं ऐकून गेलेली मुलगी सासरच्यांवर भीतीनं माया करत नाही, मोकळ्या मनानं करते. जमलं नाही तर परत यायला तिला दार उघडं असतं, आणि त्या दारात तिला कुणी हिशेब विचारत नाही.

तुमचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून रेडिओच्या केंद्रात द्या. नाव लिहिलं नाही तरी चालेल. पुढच्या वेळी त्यांतल्या प्रश्नांवर बोलू.